फोन, पैसे आणि पलीकडून बोलणारा माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. निवृत्त झाल्यावर लालबागला आमच्या मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी बसायला लागले. सुरुवात शेजारच्या काकांच्या पेन्शनच्या कागदांपासून झाली. आता कागद घेऊन कुणी येत नाही, सगळे फोन घेऊन येतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून भाची म्हणाली, "मावशी, एकदाच लिहून टाक, लिंक पाठवत जा." तर हे लिहिलंय. लिंकवर बिनधास्त क्लिक करू नका असं मीच पुढे सांगणार आहे, तेव्हा ही लिंक तुम्हाला कुणी पाठवली ते आधी बघून घ्या.

फोनवरच्या व्यवहारांचं हे सगळं एवढ्या झपाट्यानं आलं कुठून?

बरंचसं आपल्याच गावातून. विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या पहिल्या शहरांत मुंबई होती. देशाचं इंटरनेट बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी कितीतरी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय वांद्रे-कुर्ला संकुलात बसते. एप्रिल २०१६मध्ये यूपीआय मुंबईतच जाहीर झालं, सप्टेंबरात स्वस्त डेटा आला आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. त्या नोव्हेंबरात मी काउंटरवर होते. रांग शाखेच्या दारातून बाहेर, फुटपाथवरून वळून पानाच्या टपरीपर्यंत. रात्री घरी गेल्यावर हाताला नोटांचा वास यायचा, दोनदा साबण लावून जायचा नाही. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी पुढच्या वर्षभरात फोनवर पैसे पाठवायला शिकून घेतलं. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटी व्यवहार झाले.

सोय मोठीच झाली, मी नाकारत नाही. गावी आईला पैसे पाठवायला मनीऑर्डरचा फॉर्म भरणारी माणसं मी पाहिली आहेत. पण एक गोष्ट गेली, ती काउंटरवरच्या माणसालाच कळेल. सही जुळली नाही की मी चेक परत करायची. एखाद्या आजी घाबऱ्याघुबऱ्या होऊन एफडी मोडायला आल्या तर विचारायची, "आजी, कुणासाठी? बसा, पाणी घ्या." कधी नुसत्या त्या प्रश्नानंच पैसे वाचायचे. फोनमध्ये तो प्रश्न विचारणारं कुणी नाही. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या एका उणिवेबद्दल आहे.

पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागतो का?

नाही. कधीच नाही. पिन फक्त पैसे जाताना आणि शिल्लक बघताना. जुना सोफा विकायला काढला आणि गिऱ्हाईक म्हणालं "कोड स्कॅन करा, पैसे येतील", तर तो गिऱ्हाईक नव्हे. व्यक्तीनं व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोय ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची वाट उघडीच आहे.

क्यूआर स्कॅन करताना नेमकं काय बघायचं?

नाव. रक्कम टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते वाचायचं. आमच्याच मंडळाची फजिती सांगते. वर्गणीच्या टेबलावर लॅमिनेट केलेला क्यूआर ठेवला होता. पहिल्या दोन दिवसांत शेदीडशे लोकांनी स्कॅन केला, "गणपती बाप्पा मोरया" म्हणत पुढे गेले. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीनं विचारलं, "काकू, हे नाव कुणाचं?" ते आमच्या जुन्या खजिनदारांचं होतं. मंडळाचं खातं निघण्याआधी एक वर्ष त्यांच्या खात्यावर वर्गणी घेतली होती, आणि यंदा कपाटातून तोच जुना पुठ्ठा बाहेर आला. खजिनदार सज्जन गृहस्थ, गावाला गेले होते, फोन लावला तर म्हणाले, "मला वाटलं मुलानं पाठवले." सगळे पैसे परत आले. पण दीडशे जणांतल्या एकीनंच नाव वाचलं होतं, आणि त्या दीडशेत मीही होते.

वडापावच्या गाडीवर, पार्किंगच्या खांबावर एका स्टिकरवर दुसरं चिकटवलेलं असू शकतं. कडेला नख लावून बघा. दुकानदारांनी साउंडबॉक्सचा आवाज ऐकावा, गिऱ्हाइकानं दाखवलेला हिरवा टिक बघून माल देऊ नये. तसा टिक दाखवणारी खोटी ॲप आहेत.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणाले. काय करू?

फोन कापा. नंतर वाचा.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "पडताळणीसाठी" पैसे एखाद्या खात्यात ठेवायला सांगत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, फोनच्या रिंगच्या जागी सरकारी सूचना वाजायला लागल्या, तरी माणसं फसतात. का फसतात ते मी जवळून पाहिलंय.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सकाळी साडेनऊला फोन: तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेश, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, टेबलावर तिरंगा. त्यांनी फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला, कारण "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही" असा हुकूम होता. बाथरूमला जायचं तर परवानगी मागायची. कोर्टाचा शिक्का असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. दुपारी शेजारीण डाळ मागायला आली, तेव्हा बाईंनी दार फटीएवढं उघडलं आणि हातानंच नको नको केलं. शेजारणीला वाटलं बाई रागावल्या. सुदैवानं ती मागे हटणाऱ्यातली नव्हती, परत आली आणि सरळ आत घुसली. कुकरमध्ये तांदूळ घातलेले, शेगडी पेटवलेलीच नाही. एफडी मोडायचा फॉर्म नेट बँकिंगवर भरून तयार होता, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

नंतर बाई मला म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं, आमच्या बँकेतल्या मॅडमना फोन करू का? ते म्हणाले, गुप्त चौकशी आहे, सांगितलंत तर त्याही आत जातील." सगळा डाव ह्या वाक्यात आहे. गणवेश आणि शिक्के ही सजावट. माणसाला दुसऱ्या माणसापासून तोडणं हे खरं काम. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की पहिल्यांदा जो दिसेल त्याला सांगा, मग तो दूधवाला का असेना.

पैसे गेले. आता?

१९३० हा नंबर लावा. ओशाळत बसू नका, नवरा घरी येईपर्यंत थांबू नका. लागला नाही तर पुन्हा लावा आणि दरम्यान सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या केंद्राच्या संकेतस्थळावर तक्रार भरा. बँकेलाही कळवा, त्याचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. यूटीआर म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो ॲपच्या इतिहासात सापडतो.

घाई कशाला? चोरटे ते पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. तासाभरात ते पाचसात खात्यांतून फिरतात आणि कुठल्यातरी एटीएममधून निघतात. १९३०वर तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे ते अडवता येतात. अजून असतील तर.

भरपाईचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७च्या परिपत्रकात नियम ठरवून दिले. बँकेची चूक असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या यंत्रणेत भोक पडलं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचं नुकसान. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ पुराव्यासकट जपा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. वकील लागत नाही. "पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा मात्र लगेच भेटेल. तो दुसरा चोर.

मी कुणाला फसवलं नाही, तरी माझं खातं गोठवलं. हा काय न्याय?

हा प्रश्न दुकानदार विचारतात आणि त्यांचा राग रास्त आहे. चोरट्यानं चोरीच्या पैशातून तुमच्याकडे साडेतीनशेचा खाऊ घेतला, तर पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात. तक्रार कुठल्या लांबच्या राज्यातली असते, बँकेतला मुलगा म्हणतो "वरून आलंय". मी काउंटरच्या त्या बाजूला बसलेली आहे, "वरून आलंय" म्हणणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. बिल, मालाची नोंद, त्या दिवशीचं स्टेटमेंट जोडून दोघांना ईमेल करा, आणि सगळं खातं नव्हे, वादातल्या रकमेपुरताच रोखा अशी मागणी करा. वेळ लागतो. म्हणून धंद्याचं आणि घरचं खातं वेगळं असावं, नाहीतर ईएमआयपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं अडकतं.

ह्याच्याच उलट बाजूला कॉलेजची मुलं आहेत. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." ते खातं चोरीच्या पैशांची धर्मशाळा होतं आणि पोलीस ज्याच्या नावावर खातं त्याच्या दारात येतात. आईवडिलांनो, हे मुलांना ह्या शब्दांत सांगा.

व्हॉट्सॲपवर चलान आलंय, फाइल उघडू का?

शेवटी "एपीके" असेल तर नाही. चलान, लग्नपत्रिका, वीज तोडण्याची नोटीस, गॅसचं थकलेलं बिल, रूप कुठलंही असो. एपीके म्हणजे कागद नव्हे, ते ॲप आहे. ते बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी तुम्ही देऊन टाकली, की तुमचे ओटीपी तुमच्याआधी तिकडे पोहोचतात. उघडून झालं असेल तर आधी विमान मोड लावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. चलान खरंच आहे का ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं.

बँकेचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला, तोच खोटा निघाला. मग खरा कुठे मिळणार?

कार्डाच्या मागे आणि पासबुकावर. शोधल्यावर सगळ्यात वर येणारा निकाल जाहिरात असू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांनी ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" ह्या पत्त्यावर न्यायची होती, त्यामुळे पत्त्याचं शेपूट बघायची सवय लावा. बँकांच्या सेवेचे फोन १६००नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत अशी सोय केली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" आलं, तर ठेवून द्या.

लोकलचं तिकीट फोनवर काढताना "तुम्ही स्टेशनात आहात" म्हणून नाकारतं. असं का?

टीसी दिसल्यावर खिशातल्या खिशात तिकीट काढणाऱ्यांसाठी. रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत बिनकागदी तिकीट निघू नये असं ॲप जागा बघून ठरवतं. करी रोडला आमच्याकडे गल्ली आणि फलाट एवढे चिकटून आहेत की मी पुलाच्या पायथ्याशी फोन धरून दोन पावलं मागे, तीन पावलं मागे अशी चालत असते, बघणाऱ्याला वाटावं बाई सेल्फी काढतायत. घरातून निघतानाच काढा. स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट, आणि टीसीपुढे "काढलं होतं हो" म्हणून उपयोग नाही. पास काढणाऱ्यांनी फोन बदलायच्या आधी तो नव्या फोनवर कसा न्यायचा ते बघून घ्यावं. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपमध्ये लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट एकाच ठिकाणी आहेत, बदलत जायचं असेल त्यांना उपयोगी.

आईच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत. आधारचं काम कसं होणार?

आमच्या बाजारात एक मासेवाली मावशी आहेत, चाळीसएक वर्षं बर्फात हात. अंगठा यंत्रावर ठेवला की लाल दिवा. पुसला, पदराला घासला, परत लाल. मागची रांग चुळबुळ करायला लागली तशा त्या म्हणाल्या, "अंगठा माझाच हाय रे, कुणाचा उसना आणलेला नाय." सगळ्यांना हसू आलं, मला नाही आलं. यंत्राला अंगठा ओळखता येत नाही हा यंत्राचा दोष, पण खाली मान मावशींनी घातली.

उपाय आहेत. आधार केंद्रावर ठसे नव्यानं घेता येतात, डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून बरीच कामं होतात. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१पासून चेहऱ्यावरूनही देता येतो, नातवाच्या फोनवर, घरबसल्या. खिडकीशी उजेडात बसवा, चश्मा काढायला लावा, पापण्या मिटायला सांगतो तेव्हा मिटायच्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, सगळं तिथे येऊन अडतं. काम नसेल तेव्हा बायोमेट्रिक, म्हणजे ठसे-बुबुळ-चेहऱ्याची ओळख, लॉक करून ठेवता येतं.

ॲपवरून पाच मिनिटांत कर्ज मिळतंय. घेऊ?

ॲप संपर्कयादी किंवा फोटो मागत असेल तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपनं त्यांना हात लावायचा नाही, आणि पैसे कर्ज देणाऱ्या बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. खोटी ॲप संपर्कयादी उचलतात आणि हप्ता चुकला, कधी चुकला नसला तरी, नातेवाइकांना घाणेरडे फोटो पाठवतात. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता, सात हजारांसाठी. दारात उभा राहिला, आत येईना. त्याला मी सांगितलं ते इथेही सांगते: आणखी पैसे देऊन हे थांबत नाही, पोलिसांत जा, आणि घरच्यांना तू सांग, ते सांगायच्या आधी.

दर महिन्याला खात्यातून १९९ रुपये जातात. कुणाला, कळत नाही.

यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" शोधा, तिथे यादी दिसेल, रद्द करा. "एक रुपयात ट्रायल" घेताना तुम्ही पिन टाकलात, तेव्हाच दर महिन्याची परवानगी गेली. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येते, आपण वाचत नाही. क्रेडिट कार्डावरची परवानगी वेगळी, ती बँकेच्या संकेतस्थळावर बघा.

गर्दीत फोन मारला. पहिलं काम कुठलं?

सिम बंद करणं. मग बँकेला सांगून यूपीआय बंद करणं. मग पोलीस तक्रार, आणि ती हातात आली की 'संचार साथी' ह्या केंद्राच्या संकेतस्थळावर जाऊन फोनच ब्लॉक करणं, त्यासाठी आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो. आजच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आकडा येईल, कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोनमध्येच लिहून ठेवणारे महाभाग आहेत. संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एका गृहस्थांना तिथे आपल्या नावावर तीन अनोळखी नंबर सापडले.

मुलाच्या आवाजात फोन आला, "आई, अपघात झालाय". आवाज त्याचाच होता.

असू शकतो, त्याचाच नसूही शकतो. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणारी साधनं आता कुणालाही मिळतात. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. आमच्या घरी एक खुणेचा प्रश्न ठरलाय, उत्तर आमच्या जुन्या मांजराचं नाव. मांजराचं खरं नाव नव्हे, आजोबा तिला शिवी घालायचे ते.

मग साधा फोनच बरा नाही का?

कुणाला बरा. साध्या फोनवरूनही यूपीआय होतं, स्टार नव्व्याण्णव हॅश दाबून. पण माझा सल्ला वेगळा आहे, मी स्वतः तसंच करते. यूपीआय जोडलेलं खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या भाजी-दूध-रिक्षापुरते पैसे. एफडी आणि पेन्शन दुसऱ्या बँकेत, तिथे ना यूपीआय, ना नेट बँकिंग. तिथून पैसे काढायचे तर बसनं जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, आणि काउंटरवरची मुलगी विचारते, "काकू, एवढे कशाला?" मला अजून तिचा राग आलेला नाही.

तुम्ही कधी बसता?

रविवारी सकाळी १० ते १२, मंडळाच्या खोलीत. चार्जर आणि चश्मा आणा. पिन मला सांगू नका, मी मागे वळते तेव्हा टाका. गणपतीचे दिवस आणि मे महिना बंद, मी गावाला असते.